सापाचा गेम, पण साप मारायचा नाही: चांगल्या कामासाठी पहिला व्हिडिओ गेम कसा करायचा

समाजासाठी काहीतरी गेम करायचाय म्हणून विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, युनिटी शिकू का गोडो, म्हणजे गेम बनवायचं कुठलं सॉफ्टवेअर (इंजिन) घेऊ? उत्तर खाली देतोय, पण खरं तर तो पाचव्या नंबरचा प्रश्न आहे. आम्ही तिघांनी सर्पदंशावर एक छोटा मोबाइल गेम केला, दोनदा पार आपटला, तिसऱ्यांदा जरा जमला, आणि त्यात जे कळलं ते त्याच क्रमाने लिहितोय. तुमचा विषय रक्तदान असो, भटकी कुत्री असोत नाहीतर गावची नदी, क्रम हाच ठेवा.

१. विषय छोटा करा, मग परत छोटा करा

"सर्पदंश जनजागृती" हा बॅनरचा विषय झाला, गेमचा नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सापाच्या चाव्याने साधारण १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, आपल्या केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. हे सगळं तुम्हाला माहीत हवंच, पण प्लेअरला नको. आम्ही पहिल्या व्हर्जनला ही माहिती सुरुवातीच्या स्क्रीनवर छान डिझाइन करून टाकली होती. एकानेही वाचली नाही, सगळ्यांनी 'पुढे' दाबलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच केलं असतं.

त्यापेक्षा एक वाक्य लिहा: गेम खेळलेला कोण माणूस, कुठल्या वेळी, काय वेगळं करेल? आमचं वाक्य असं ठरलं की रात्री कुणाला साप चावला तर घरातला माणूस ब्लेड-दोरी शोधत न बसता, पेशंटला न चालवता, थेट दवाखान्यात नेईल. बस. या वाक्यात न बसणारं सगळं बाहेर. गमबूट गेले, बॅटरी गेली, साप ओळखायचा भाग गेला. मच्छरदाणी काढताना मात्र जिवावर आलं, कारण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही, आणि नीट खोचलेली मच्छरदाणी तिथे खरंच जीव वाचवते. पण तो दुसरा गेम आहे. एका गेममध्ये दोन गोष्टी घातल्या की दोन्ही जातात.

२. संस्थेकडे जा, पण लॅपटॉप न घेता

विषयातल्या लोकांना भेटायच्या आधी एक ओळही कोड करू नका. आम्ही डेमो घेऊन गेलो होतो आणि ती मोठी चूक होती, कारण समोर काहीतरी तयार दिसलं की माणसं भिडस्तपणे "छान आहे छान आहे" म्हणतात आणि खरं सांगायचं राहून जातं. पुढच्या वेळी नुसतीच वही घेऊन गेलो. एका ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम, दोन सर्पमित्र आणि एक आशाताई, एवढ्या चौघांशी बोललो. विचारलं एवढंच की गेल्या वेळी पेशंट उशिरा आला तेव्हा मधला वेळ नेमका गेला कुठे?

तिथून गेम मिळाला. वेळ रस्त्यात कमी आणि घरातच जास्त जातो. कुणी दोरी करकचून बांधतं, कुणी चिरा देतं, चार जण बॅटऱ्या घेऊन साप शोधायला निघतात कारण "डॉक्टरला दाखवायला लागतो", मग म्हातारं कुणीतरी भगताकडे न्यायचं म्हणतं. आशाताई म्हणाल्या, "साप दाखवायला आणू नका हे आधी सांगा बाई, मागं एकानं पिशवीतनं जिताच आणला होता." आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही मुख्य विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणजे लोक ज्याला सापाचं इंजेक्शन म्हणतात ते, त्यामुळे साप मारून आणण्यात वेळच जातो, शिवाय दुसऱ्याला चावायची भीती. हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि आम्ही निघालो होतो जनजागृती करायला!

संस्थेशी दोन गोष्टी कागदावर ठरवून घ्या, साध्या ईमेलवर चालेल. माहिती बरोबर आहे यावर शेवटचा शब्द त्यांचा, गेम मजेशीर आहे का यावर तुमचा. हे ठरवलं नाही तर शेवटच्या आठवड्यात अध्यक्षसाहेबांचा फोटो पहिल्या स्क्रीनवर टाकायची मागणी येते. आमच्याकडे आली होती.

३. हाताला काय करायला लावताय?

आता जरा सावकाश वाचा, कारण अख्ख्या लेखात मला जे सांगायचंय ते इथेच आहे. गेममध्ये लिहिलेलं, बोललेलं, दाखवलेलं प्लेअर विसरतो. त्याचं बोट अर्धा तास जे करत होतं ते त्याच्या लक्षात राहतं.

आमचं पहिलं व्हर्जन क्विझ होतं. पंधरा प्रश्न, चार पर्याय, बरोबर आलं की हिरवं. जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या पोरांना दिलं तर दुसऱ्या फेरीत सगळे पंधरापैकी पंधरा. आम्ही खूश. मग एकाला तोच प्रश्न तोंडी विचारला, तर तो म्हणतो, "सर, तिसरं बटण."

दुसरं व्हर्जन त्याहून वाईट, कारण ते मजेशीर झालं होतं. शेतातून चालायचं, हातात काठी, काठी आपटली की साप बाजूला होतो, असा विचार होता. पण आमच्या ॲनिमेशनवाल्याने काठीचा फटका इतका झकास केला, आवाज, धूळ, स्क्रीनला हलका धक्का, की पोरं साप हुसकवायचं सोडून धोपटायलाच लागली. दहा मिनिटांत एकेकाने तीस-तीस साप मारले आणि स्कोअरवरून भांडणं. त्यात बिचाऱ्या धामणी सगळ्यात जास्त, शेतातले उंदीर खाणाऱ्या, विष नसलेल्या. म्हणजे आम्ही सर्पमित्रांच्या मदतीने साप मारायचा क्लास काढला होता. लहानपणी सापशिडीत साप दिसला की खाली पडायचं एवढंच शिकलो, ते डोक्यात किती खोल बसलंय ते त्या दिवशी कळलं.

हे नीट जमवलेले गेम जगात आहेत, आवर्जून बघा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी सुदानच्या दारफुरमधल्या निर्वासितांवर 'दारफुर इज डाइंग' नावाचा साधा ब्राउझर गेम केला. घरातलं एक माणूस निवडायचं आणि त्याला छावणीबाहेर पाणी आणायला पाठवायचं. मोठा पुरुष निवडला की गेम नाहीच म्हणतो, त्याला बाहेर मारून टाकतील, दुसरं कुणी निवडा. मग तुम्ही पोराला नाहीतर बाईला पाठवता. भाषण नाही, आकडे नाहीत, पण ते बटण तुम्ही स्वतः दाबलेलं असतं. आपल्याकडे कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांच्या 'मिसिंग' या २०१६ च्या मोबाइल गेममध्ये देहव्यापारात विकली गेलेली मुलगी तुम्हीच असता, तिला वाचवायला आलेला हिरो नसता. ही निवड फार महत्त्वाची आहे. आपल्या सगळ्यांना आधी हिरोच सुचतो.

तर तिसऱ्यांदा आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. खऱ्या प्रसंगात शरीराला काय जड जातं? घाई करायची असते पण पेशंटला हलवायचं नसतं. चावलेला हातपाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला शांत ठेवायचं, पळवायचं तर मुळीच नाही. म्हणून आमच्या गेममध्ये एक अंगठा पेशंटच्या खांद्यावर स्थिर दाबून ठेवावा लागतो, अख्खा वेळ, आणि दुसऱ्या हाताने बाकीची कामं: १०८ ला फोन, पायातलं पैंजण काढणं, कारण सूज आली की ते रुततं, शेजाऱ्याला उठवणं, गाडी येत नसली तर मोटारसायकलवर पेशंटला मध्ये बसवून मागे एकाने धरणं. अंगठा उचलला किंवा घाबरून भराभर टॅप केलं की पेशंट कासावीस होतो आणि पडद्याच्या कडा काळ्या व्हायला लागतात. ब्लेड, दोरी, भगत हे सगळे पर्याय समोर चमकत असतात, आणि आम्ही ते मुद्दाम सोपे ठेवलेत, एका टॅपमध्ये होणारे. लाल फुली येत नाही, कुणी रागवत नाही. फक्त भिंतीवरचं घड्याळ पुढे जातं.

साप गेममध्ये दिसतच नाही. फक्त सुरुवातीला कूकरच्या शिट्टीसारखा एक आवाज येतो, तो घोणसचा.

४. कागदावर खेळा

कोड नंतर. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापा, प्रत्येकावर एक पर्याय आणि किती मिनिटं जातात ते लिहा, घरच्यांना खेळायला बसवा. आम्ही माझ्या मावशीसमोर मांडलं, तिने शांतपणे सगळ्यात आधी मिरची खायला द्यायचं कार्ड मागितलं, तिखट लागलं नाही तर विष चढलंय असं बघतात म्हणे. ते कार्ड आमच्याकडे नव्हतंच. डॉक्टर मॅडमना विचारून घातलं, आणि आता गेममधला सगळ्यात जास्त दाबला जाणारा चुकीचा पर्याय तोच आहे. दोन संध्याकाळी पुठ्ठ्यांवर घालवल्या तर दोन महिने वाचतात.

५. आता इंजिन

नुसती गोष्ट आणि पर्याय असतील तर ट्वाइन घ्या, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, दोन दिवसांत जमतं. कोडिंग अजिबात नको असेल तर जीडेव्हलप. जरा हलतंचालतं काही हवं असेल तर नवख्यांना मी गोडो ४ सुचवीन, फुकट, ओपन सोर्स, आणि जुन्या लॅपटॉपवरही उघडतं. त्यात जीडीस्क्रिप्ट ही त्याची स्वतःची कोडिंगची भाषाच वापरा, कारण गोडो ४ मध्ये सी-शार्प या दुसऱ्या भाषेत केलेला गेम वेबवर एक्स्पोर्ट होत नाही आणि हे लोकांना शेवटी कळतं. युनिटी येत असेल तर युनिटीच वापरा, उगाच बदलू नका.

फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा, मराठी अक्षरं. युनिटीत अक्षरं दाखवायला नेहमी वापरतात त्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी टाकलं की वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, 'शक्ती'चं काहीतरी तिसरंच होतं. गोडो ३ मध्येही हाच त्रास होता, ४ मध्ये ते नीट जुळतं. चाचणीसाठी 'सर्पमित्राच्या दुसऱ्या मुलाची विद्यार्थ्यांशी दोस्ती' असलं वाक्य टाकून बघा, त्यात 'दुसऱ्या'मधला र्‍ आणि 'विद्यार्थ्यां'मधला रफार नीट आले की बाकी सगळं येतं. फाँट गेमच्या आतच ठेवा, फोनमधल्यावर विसंबू नका. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मोकळ्या लायसन्सचे आहेत, बिनधास्त वापरा. आणि कुठल्या तरी सीडीवरचे जुने नॉन-युनिकोड फाँट तर कृपा करून नकोत.

शब्दही तसेच हवेत. आम्ही आधी 'रुग्णास निश्चल ठेवावे' लिहिलं होतं. आता 'त्याला हलवू नको' आहे. शक्य असेल तिथे आवाज द्या, कारण ज्यांना हा गेम सगळ्यात जास्त लागणार त्यातले बरेच जण वाचत बसणार नाहीत. आवाज आशाताईंचाच घेतला, मोबाइलवर, गोधडीखाली बसून रेकॉर्ड केला, स्टुडिओ-बिडिओ काही नाही.

६. पैसे मागायचे तर कसे

आधी ठरवा की गेम पैशासाठी आहे का सवय बदलण्यासाठी. दोन्ही एकदम क्वचित जमतं. आम्ही पेशंट दगावला की पुढच्या स्क्रीनवर 'देणगी द्या' ठेवलं होतं, भावनेच्या भरात लोक देतील म्हणून. मावशी म्हणाली, "मेल्यावर वर्गणी मागता होय रे?" त्याच संध्याकाळी काढलं. आता ते मेनूमध्ये एका कोपऱ्यात आहे.

पैसे हाच उद्देश असेल तर दोन गेम बघून ठेवा. 'फ्रीराइस' हा २००७ चा शब्दांचा खेळ: उत्तर बरोबर आलं की तांदळाचे दाणे दान होतात, सुरुवातीला एका उत्तराला १० दाणे होते. खेळणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही, पैसे जाहिरातदारांकडून येतात. पुढे तो संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेला. दुसरा 'धिस वॉर ऑफ माइन', युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांचा पोलिश गेम. त्यांनी २०१५ मध्ये 'वॉर चाइल्ड' या संस्थेसाठी एक छोटी भर विकायला काढली, तीन वेगवेगळ्या किमतींना, पण किंमत कुठलीही द्या, मिळणारी वस्तू तीच. मला ही युक्ती फार आवडते, कारण जास्त देणारा जास्त मिळतं म्हणून देत नाही.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. पैसे स्वतःच्या यूपीआयवर कधीही घेऊ नका, मित्रांचे असले तरी, नंतर हिशोब देताना तोंड दुखतं. संस्थेचा क्यूआर किंवा संस्थेचं पेज उघडा. ८०जी ची, म्हणजे करसवलतीची पावती संस्थाच देणार, त्यासाठी नाव आणि पॅन लागतं, ते गेममध्ये विचारू नका. परदेशातल्या नातेवाइकांचं आधी विचारून घ्या: भारतीय पासपोर्ट असलेला आतेभाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या आत्याबाईंची धरतात, मग ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी लागते. छोट्या संस्थांकडे ती बहुधा नसते. आणि 'शंभर रुपये भरा, टुर्नामेंट खेळा, जिंका, उरलेले संस्थेला' ही आयडिया कुणी आणली तर तिथल्या तिथे नाही म्हणा, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे गेम बंद केलेत, हेतू कितीही चांगला असला तरी.

७. टेस्टिंग

चांगल्या फोनवर टेस्ट करू नका. घरातला सगळ्यात रडका फोन घ्या, काच फुटलेला, स्टोरेज भरलेला, आणि ब्राइटनेस कमी करून उन्हात उभे राहा. आमचा रात्रीचा सीन उन्हात नुसता काळा दिसत होता. साइज कमी ठेवा, नेट नसताना चालू द्या.

खेळणाऱ्याच्या मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण तो चुकीचं दाबतो आणि आपल्या जिभेवर "अहो तिकडं नाही" येतंच. तो जिथे अडकला ते वहीत लिहा. नंतर "आवडला का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. आम्ही खेळायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, साप चावला तर पहिल्यांदा काय कराल, आणि तोच दोन आठवड्यांनी फोनवर परत. डाउनलोडचा आकडा संस्थेच्या अहवालात शोभतो, पण माणूस काय करेल ते या दुसऱ्या फोनवरच कळतं. शाळेतल्या पोरांची नावं, नंबर, लोकेशन काही साठवू नका, २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या खालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि तुम्हाला ती माहिती लागतेय कशाला?

डॉक्टरांकडून शेवटचं व्हर्जन परत एकदा पूर्ण खेळून घ्या, नुसतं स्क्रिप्ट वाचून नाही. आमच्याकडे मजकूर बरोबर होता, पण ॲनिमेशनमध्ये पेशंट स्वतःच्या पायाने गाडीकडे चालत होता. मॅडमनी धरलं.

८. बाहेर काढा

आधी इच (itch.io) या गेमच्या साइटवर वेब व्हर्जन टाका, पैसे लागत नाहीत, लिंक पाठवली की झालं. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, पण नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवावे लागतात, तेव्हा नागपंचमीला लाँच करायचं असेल तर आषाढातच तयारीला लागा. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर, पहिल्या गेमला मी तरी सोडून देईन. एपीके, म्हणजे ॲपची फाइल, व्हॉट्सॲपवर फिरवू नका, फोन धोक्याची सूचना दाखवतो आणि लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीकेंमुळे लोक आधीच पोळलेत.

वेळही साधा. सर्पदंश पावसाळ्यात वाढतात, म्हणून गेम जूनच्या आधी लोकांच्या हातात हवा. आमचा पहिला ऑक्टोबरात आला होता, भात कापणीला.

खरा प्रसार ऑनलाइन झालाच नाही आमचा. तो झाला आशाताईंच्या मीटिंगमध्ये, जिथे पंचवीस जणींनी एकमेकींच्या फोनवर खेळून बघितला, आणि एसटी स्टँडवरच्या मोबाइल रिचार्जवाल्याने काउंटरवर क्यूआर चिकटवू दिला तिथे.

शेवटी प्रोजेक्टची सगळी फाइल, पासवर्ड आणि अँड्रॉइडची कीस्टोअर फाइल (ॲप अपडेट करायची किल्लीच ती) संस्थेकडे पेनड्राइव्हवर देऊन ठेवा, कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न होतं, आणि वर्षभराने एखादा नंबर बदलायला कुणी सापडत नाही. पेनड्राइव्हवर चिठ्ठी लावा, त्यावर कुठलं इंजिन, कितवं व्हर्जन ते लिहा. आमचा डॉक्टर मॅडमच्या टेबलाच्या खणात आहे, प्रतिविषाच्या स्टॉक रजिस्टरखाली.